दोन वर्षांची खाज आणि उशिरा झालेली तपासणी: व्हल्वाच्या (बाईच्या बाहेरच्या जननेंद्रियाच्या) कॅन्सरची एक केस

ही केस ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय, त्यांनी आधी वाचली आणि दोन ठिकाणी दुरुस्तही केली. ओळख पटेल असं सगळं बदललंय. मी बायकांच्या कॅन्सरच्या विभागात नर्स आहे, वयाने मोठ्या पेशंटला आम्ही मावशी म्हणतो, म्हणून इथेही मावशीच.

वय 61, पाळी जाऊन दहा-अकरा वर्षं झालेली, शुगर नाही, सिगारेट-तंबाखू काही नाही, बीपीची एक गोळी चालू. तक्रार एकच, खाली खाज सुटते. दिवसा कामाच्या नादात कळत नाही पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू, झोपेत खाजवलं जायचं आणि सकाळी कपड्याला बारीक रक्ताचा डाग. हे असं जवळजवळ दोन वर्षं चाललं आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं, काकांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला सुद्धा नाही. "काय सांगायचं सिस्टर, खाज येते म्हणून सांगायचं?" असं त्या मला म्हणाल्या होत्या.

पण त्यांनी काहीच केलं नाही असं अजिबात नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण निदान झाल्यावर जो तो विचारतो की इतके दिवस दाखवलं का नाही. दाखवलं होतं. तीन ठिकाणी दाखवलं होतं.

सगळ्यात आधी मेडिकलमधून क्रीम आणलं. दुकानात सरसकट मिळतं ते मिक्स क्रीम, म्हणजे फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. चार-पाच दिवसांत बरं वाटलं, लावायचं बंद केलं, पंधरा दिवसांत खाज परत. परत ट्यूब. असं वर्षभर. आता यात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण खूप जणींच्या बाबतीत हेच होतं. त्यांना जो आजार होता त्याला स्टेरॉइड लागतंच, पण चांगलं जोरकस, नियमाने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली लागतं. मिक्स ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज तेवढ्यापुरती दबली आणि मावशींची समजूत पक्की झाली की फंगसच असणार, फंगसच्या क्रीमने थांबते ना.

मग नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी शुगर तपासली, लघवी तपासली, दोन्ही चांगलं आलं, फ्लुकोनॅझोलची 150 ची गोळी दिली आणि आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. मी विचारलं, तपासलं का? नाही. कुठे खाज आहे ते विचारलं, मावशींनी खाली बघत सांगितलं, चिठ्ठी लिहून झाली. डॉक्टर पुरुष, मावशी संकोची, दोघांनाही न बघणंच सोयीचं वाटलं असणार. पण 60 च्या पुढच्या बाईला वारंवार फंगस होतंय म्हटल्यावरच खरं तर थांबून विचार करायला हवा, कारण हे फंगस इस्ट्रोजेन हार्मोन असताना जास्त वाढतं, पाळी गेल्यानंतर ते तसं कमीच दिसतं, शुगर असेल, हार्मोनच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर गोष्ट वेगळी. यातलं मावशींना काहीच नव्हतं.

तिसऱ्यांदा गेल्या त्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. तिथे टेबलावर घेतलं, पॅप स्मिअर झाला, रिपोर्ट नॉर्मल. मावशींच्या डोक्यात बसलं की कॅन्सरची टेस्ट झाली, काही नाही निघालं. त्या नॉर्मल रिपोर्टनंतर पुढचे कितीतरी महिने त्या कुठेच गेल्या नाहीत.

इथे मला हात जोडून सांगायचंय. पॅप स्मिअर काय किंवा एचपीव्ही नावाच्या व्हायरसची टेस्ट काय, ती गर्भपिशवीच्या तोंडासाठी असते. आत स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) घालून तिथल्या पेशी घेतात. व्हल्वा म्हणजे बाहेरून दिसणारा भाग, मोठे ओठ, छोटे ओठ, क्लिटोरिस, लघवीचं तोंड, योनीचं तोंड आणि भोवतालची कातडी, त्याबद्दल तो रिपोर्ट एक अक्षर बोलत नाही. व्हल्वाच्या कॅन्सरसाठी वेगळी अशी स्क्रीनिंग टेस्टच नाहीये, चांगल्या उजेडात डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं, आणि शंका आली तर तुकडा काढून तपासायचा, एवढंच आहे. स्पेक्युलम घालताना नजर आत असते, बाहेरचं बघायचं राहून जातं. ओठ बाजूला करून अर्धा मिनिट बघितलं असतं तर तेव्हाच सापडलं असतं असं मला वाटतं, कारण पांढरेपणा तेव्हाही होताच, मावशींनी स्वतः बघितला होता.

हो, बघितला होता. एकदा आंघोळीच्या वेळी छोट्या आरशात त्यांनी बघितलं तर कातडी पांढरी पडलेली. आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो कोडाचा. मग तर तोंड आणखीच बंद झालं, कारण घरात मुलाचं लग्न व्हायचं होतं आणि कोड म्हटलं की लोक काय काय बोलतात ते वेगळं सांगायला नको. खरं म्हणजे कोडात फक्त रंग जातो, कातडी हाताला नेहमीसारखीच लागते आणि खाज सहसा नसते. मावशींना होतं ते लायकेन स्क्लेरोसस. यात कातडी पांढरी होतेच पण पातळ, चमकदार, सुरकुतलेली होते, चुरगळून परत सरळ केलेल्या कागदासारखी, जरा घासलं की चिरते, लघवीला आग होते, खाज तर मरणाची आणि रात्री जास्त. हळूहळू छोटे ओठ आक्रसून मोठ्या ओठांत मिसळून जातात, क्लिटोरिसवर कातडी चढते, योनीचं तोंड अरुंद होतं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उठते असा हा प्रकार समजला जातो, संसर्ग नाही, कुणाचं कुणाला लागत नाही, अस्वच्छतेने होत नाही. हे शेवटचं मी तीनदा सांगते कारण मावशी दिवसातून चार वेळा साबणाने धूत होत्या, त्याने आग अजून वाढत होती.

सून बघते तेव्हा

मुलाचं लग्न झालं, सून घरात आली, आणि हे सापडलं ते तिच्यामुळे. सासूबाई खुर्चीत नेहमी एका कुशीवर बसतात हे तिच्या लक्षात आलं. आधी वाटलं कंबर दुखत असेल, मग कपड्यांवर डाग दिसला. तिने सरळ विचारलं, "आई, पाळी गेल्यावर रक्त येतंय का तुम्हाला?" मावशी आधी चिडल्या, मग रडल्या, मग सांगितलं की एक फोड आहे, बरा होत नाही, पुसताना रक्त येतं. सुनेने खोलीचं दार लावलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. मला या मुलीचं फार कौतुक आहे. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि सासूला म्हणाली, "मला दाखवा, मी पण बाईच आहे ना." दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन ओपीडीत.

तपासणीला आमच्या डॉक्टर मॅडमबरोबर मी होते. मावशींना आधी सगळं समजावलं, कुठे हात लावणार, कधी लावणार, दुखलं तर थांबा म्हणायचं. सून बाहेर थांबू का म्हणाली, मावशींनी तिचा हात सोडला नाही. उजव्या मोठ्या ओठावर साधारण 2 सेंटीमीटरचा उंचवटा, मध्ये जखम, कडा कडक. भोवती सगळीकडे ती पांढरी पातळ कातडी. दोन्ही जांघा चाचपल्या, गाठ लागली नाही. जांघेत अवधाण आलंय का हे बघावंच लागतं कारण हा कॅन्सर पसरतो तो सगळ्यात आधी तिथल्याच लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकेच्या छोट्या ग्रंथींमध्ये.

मॅडमनी त्याच वेळी बायोप्सी केली, म्हणजे तपासायला तुकडा काढला. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, ते बारीक सुईने दिलं तरी झोंबतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण अर्धा मिनिट. मग 4 मिलीमीटरचा पंच, जखमेच्या मध्यातून नाही तर कडेवरून, जिथे खराब आणि चांगली कातडी भेटते तिथून, आणि एक तुकडा पांढऱ्या भागातून. एक टाका. घरी जाऊन लघवीला थोडी आग, दोन दिवसांत बरं. सून विचारत होती की सगळाच फोड का काढून टाकत नाही एकदाच. प्रश्न बरोबर आहे पण कॅन्सरचा संशय असेल तर आधीच पूर्ण काढू नये, कारण पुढे नेमका कोणता लिम्फ नोड तपासायचा हे शोधायला ती गाठ जागेवर असावी लागते, आणि किती कातडी काढायची हेही ती बघूनच ठरतं.

रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. व्हल्वाचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे, उरलेल्यांत मेलॅनोमा वगैरे येतात. गाठ कातडीत 4 मिलीमीटर खोल गेलेली. शेजारच्या तुकड्यात लायकेन स्क्लेरोसस आणि त्यावर डिफरन्शिएटेड व्हीआयएन, म्हणजे कॅन्सरच्या अगदी आधीची पायरी. p16 निगेटिव्ह, p53 बिघडलेला (ही तुकड्यात तपासायची दोन प्रथिनं, कॅन्सर कोणत्या वाटेने आला ते त्यावरून कळतं).

"हा रोग कशाने होतो" हा प्रश्न

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही पण घरात फिरत असतो. काकांच्या एका नातेवाईकाने फोनवर असं काहीतरी म्हटलं की जागाच अशी आहे म्हटल्यावर काहीतरी संसर्ग असणार, आणि मावशींनी ते ऐकलं. त्या रात्री जेवल्या नाहीत असं सुनेने सांगितलं.

तर व्हल्वाचा कॅन्सर साधारण दोन वाटांनी होतो. एक वाट एचपीव्हीची, त्यातही टाइप 16 मुख्य, ही तुलनेने कमी वयाच्या बायकांत जास्त दिसते, सिगारेट ओढणं आणि प्रतिकारशक्ती कमी असणं (एचआयव्ही, किडनी बदलल्यानंतरची औषधं) याने धोका वाढतो. दुसरी वाट लायकेन स्क्लेरोससची, मोठ्या वयात, एचपीव्हीचा काहीही संबंध नाही. मावशींचा p16 निगेटिव्ह म्हणजे दुसरी वाट. हे मॅडमनी काकांना समोर बसवून समजावलं, कागदावर चित्र काढून. पण मी मावशींना अजून एक सांगितलं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की समजा एचपीव्ही असता तरी त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? शरीरसंबंध आलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा व्हायरस येऊन जातो, बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो, काहींच्या राहतो. एका जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. एकीचा कॅन्सर "चांगला" आणि दुसरीचा "तसला" अशी वाटणी आम्ही आमच्या वॉर्डात होऊ देत नाही.

दुर्मिळ म्हणावा असाच हा आजार, 2020 साली जगभरात साधारण 45 हजार नवीन केसेस, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या त्याच वर्षी 6 लाखांच्या वर होत्या. दुर्मिळ म्हणून डॉक्टरांच्याही पटकन डोक्यात येत नाही, आणि जागा अशी म्हणून पेशंटच्या तोंडात येत नाही, या दोन्हींच्या मध्ये महिने जातात.

ऑपरेशन

पूर्वीचं ऑपरेशन फार मोठं असायचं. विसाव्या शतकाच्या मध्यात टॉसिग आणि वे या सर्जननी रूढ केलेल्या पद्धतीत संपूर्ण व्हल्वा आणि दोन्ही जांघांमधले सगळे नोड एकाच मोठ्या छेदातून काढत. जीव वाचायचे पण जखमा महिनोन् महिने उघड्या राहायच्या आणि पाय कायमचे सुजायचे. आता गाठ आणि तिच्याभोवती चांगल्या कातडीची कड एवढंच काढायचा प्रयत्न असतो. आणि गाठ एकच असेल, 4 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, जांघेत काही लागत नसेल तर सेंटिनल नोड, म्हणजे गाठीचा निचरा ज्या नोडमध्ये सगळ्यात आधी होतो तेवढाच काढून तपासतात. 2008 मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने हे सुरक्षित आहे ते दाखवलं, नोड स्वच्छ निघालेल्या बायकांपैकी फक्त 2.3 टक्क्यांना नंतर जांघेत आजार परत आला, आणि पाय सुजण्याचं प्रमाण सगळे नोड काढलेल्यांत 25 टक्के तर सेंटिनलवाल्यांत 2 टक्क्यांच्या आसपास. जांघेत नंतर उगवलेला आजार आटोक्यात आणणं फार अवघड असतं, म्हणून नोडच्या बाबतीत कुणी घाई करत नाही.

मावशींना ऑपरेशनआधी गाठीभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन दिलं, भूल दिल्यावर निळा रंग. किरण ओळखणारा प्रोब जांघेवर फिरवला की जिथे आवाज वाढतो तिथे छोटा छेद. आणि हो, त्या निळ्या रंगाने नंतर दिवसभर लघवी हिरवट-निळी येते, हे मी आधी सांगून ठेवते कारण पिशवीत तो रंग बघून नातेवाईक घाबरतात. काका तरी घाबरलेच.

उजवीकडचे दोन नोड निघाले, एक स्वच्छ आणि एकात कॅन्सरच्या पेशींचं 1.5 मिलीमीटरचं बारीक बेट. गाठीच्या कडा स्वच्छ. पण नोडमध्ये सापडलं म्हणून स्टेज 3 ए. या आकड्याने घर कोसळलं. मुलगा म्हणाला, "तुम्ही तर म्हणाला होतात लहान गाठ आहे." मॅडमनी परत बसवलं आणि सांगितलं की तिसरी स्टेज असं म्हटलं तरी त्यात खूप प्रकार येतात, जांघेत मोठी गाठ असणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा ठिपका असणं एक नाही. 2021 साली आलेल्या पुढच्या अभ्यासात असा 2 मिलीमीटरपर्यंतचा ठिपका असलेल्या बायकांना बाकीचे नोड काढण्याऐवजी 50 ग्रे रेडिएशन दिलं, तर दोन वर्षांत जांघेत आजार परत येण्याचं प्रमाण 1.6 टक्के होतं. ठिपका त्याहून मोठा असेल तर मात्र नुसतं रेडिएशन पुरत नाही. मावशींना रेडिएशनच दिलं, 25 सिटिंग.

नंतरचं जगणं

याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

जखम नवव्या-दहाव्या दिवशी एका टोकाला थोडी उघडली. या जागी हे बऱ्याचदा होतं, सतत ओलावा, घर्षण, बसणं-उठणं. मावशींना वाटलं ऑपरेशन फसलं. फसलेलं नव्हतं, रोज स्वच्छ करून आतून भरत आणली, वेळ लागला पण भरली. लघवी झाल्यावर कोमट पाण्याची पिळायची बाटली घेऊन पुढून मागे धार सोडायची, मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, साबण नाही. खुर्चीत बसताना गोल भोकाची उशी आणली होती घरच्यांनी, ती मी काढायला लावली, त्याने मधल्या भागावर ताण येतो, साधी मऊ उशी बरी.

मग लघवीची धार. एका बाजूची कातडी गेल्यावर धार सरळ पडत नाही, मांडीवर उडते. मावशी यामुळे लग्नकार्याला जायच्या बंद झाल्या, बाहेर पाणी प्यायच्या बंद झाल्या, आणि कारण कुणालाच सांगेनात, शेवटी फिजिओच्या खोलीत सांगितलं. पुढे वाकून, पाय नीट टेकवून, अगदी सावकाश सुरुवात केली तर उडणं बरंच कमी होतं. पर्समध्ये एक छोटी बाटली आणि बदलायचा कपडा. एवढ्याने त्या परत बाहेर पडायला लागल्या.

रेडिएशनमध्ये जांघेच्या घडीत कातडी आधी लाल, मग ओली होऊन सोलली. सैल सुती कपडे, लिहून दिलेलं मलम, पावडर नाही. संपल्यावर काही आठवड्यांत भरून आलं. उजव्या पायाला मात्र संध्याकाळी सूज येते, मोज्याची रेघ उमटते. लिम्फेडेमाची (नोड काढल्यावर किंवा रेडिएशननंतर येणाऱ्या सुजेची) फिजिओ हलक्या हाताने मालिश शिकवते, मापाचा घट्ट मोजा सकाळी उठल्या उठल्या घालायचा, सूज चढल्यावर नाही, आणि पायाला साधी चीर पडली, तो भाग लाल गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण अशा पायात संसर्ग पटकन चढतो. पायाची नखं कापताना आता सून बसते.

नवरा-बायकोचं. मॅडम खोलीबाहेर गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "सिस्टर, यांना जवळ यायची भीती वाटते, आणि मला वाटतं त्यांना किळस येत असेल." 61 व्या वर्षी हे विचारायला किती धीर लागला असेल. काकांशी मॅडम वेगळ्या बोलल्या तर काका म्हणाले, मला वाटतं तिला दुखेल, शिवाय मला कुणीतरी सांगितलं की कॅन्सर लागतो. कॅन्सर लागत नाही. दोघंही आपापल्या भीतीत गप्प बसले होते. मग डायलेटर (योनीचं तोंड हळूहळू रुंद करायच्या नळ्या) दिले, लुब्रिकंट सांगितलं, घाई नाही, आणि शरीरसंबंध म्हणजे एकच गोष्ट नसते हेही बोलणं झालं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, मावशी काकांबरोबर एकत्र यायला लागल्या एवढं दिसलं. वय बघून हा विषय टाळणं मला मुळीच पटत नाही, आम्ही प्रत्येकीला विचारतो.

क्रीम बंद पडलं तेव्हा

कॅन्सर काढला तरी लायकेन स्क्लेरोसस उरलेल्या कातडीत आहेच, आणि नवीन गाठ त्यातूनच येऊ शकते. म्हणून क्लोबेटासॉल 0.05 टक्के, म्हणजे जोरकस स्टेरॉइडचं मलम, पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि पुढे कायम डॉक्टर सांगतील तसं. बोटाच्या शेवटच्या पेरावर येईल एवढीच रेघ.

दोन महिन्यांनी बघितलं तर कातडी परत पांढरी, चिरलेली. मलम बंद होतं. मुलाने खोक्यातली माहितीची चिठ्ठी वाचली, त्यात लिहिलेलं की नाजूक जागी लावू नये, कातडी पातळ होते. मुलाची यात काहीच चूक नाही, चिठ्ठीत छापलेलंच आहे तसं, आणि चिठ्ठी सगळ्या आजारांसाठी एकच असते. म्हणून आता आम्ही मलम देताना पेशंटच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून देतो की हे याच जागेसाठी आहे आणि बंद करायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या 507 बायकांच्या अभ्यासात, 2015 साली छापून आला, नियमाने उपचार घेणाऱ्यांपैकी एकीलाही व्हल्वाचा कॅन्सर झाला नाही आणि धरसोड करणाऱ्यांत 4.7 टक्क्यांना कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी आढळली. मी हा आकडा मुलाला सांगितला. आता तोच ट्यूब संपायच्या आधी आणून ठेवतो.

मावशी बोलायला लागल्या

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धाकट्या बहिणीला फोनवर आजाराबद्दल सांगताना त्यांनी पहिल्यांदा "पोटाचं ऑपरेशन" न म्हणता नेमकं काय झालं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग बहीण म्हणाली, "ताई, मला पण पाच-सहा वर्षं खाज आहे." बहीण 57 ची. तपासलं तर लायकेन स्क्लेरोसस, एका बहिणीला असेल तर दुसरीला असण्याची शक्यता थोडी जास्त असतेच. बायोप्सीत कॅन्सर नाही. मलम सुरू केलं आणि सहा आठवड्यांत ती रात्रभर झोपायला लागली, पाच-सहा वर्षांनी.

त्यानंतर मावशी मैत्रिणींत बोलतात, ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या बाईशी बोलतात, आणि त्यांचं सांगणं माझ्यापेक्षा चांगलं पोचतं. महिन्यातून एकदा आरसा घ्या, पाय फाकून उजेडात बसा, ओठ बाजूला करून बघा, पांढरं, लाल, काळपट, जाड, खरखरीत, जखम, मस, गाठ काही नवीन आहे का. पहिल्यांदा बघाल तेव्हा आपलं नेहमीचं कसं आहे तेच कळणार नाही, म्हणून आतापासून बघायला लागा. औषध घेऊनही तीन-चार आठवड्यांत खाज थांबली नाही तर परत जा आणि म्हणा, "डॉक्टर, आज बघून सांगा." हे वाक्य त्या बायकांकडून म्हणवून घेतात. लेडी डॉक्टर हव्यात असं सांगायचा, सोबत कुणाला आत न्यायचा हक्क आहे तुम्हाला. आणि बघूनही काही कळत नसेल, औषधाने जात नसेल, तर बायोप्सी का करत नाही ते विचारा.

सुनेने विचारलं की माझ्या होणाऱ्या मुलीला लस दिली तर हे टळेल का. एचपीव्हीची लस 2006 पासून आहे, टाइप 16 मुळे होणारा व्हल्वाचा कॅन्सर आणि त्याच्या आधीच्या पायऱ्या तिने टळतात, गर्भपिशवीच्या तोंडाचा तर टळतोच, तेव्हा द्यायचीच, मुलींना आणि मुलग्यांनाही. पण सासूबाईंच्या वाटेने येणारा कॅन्सर लसीने थांबत नाही, त्याला कातडीकडे लक्ष आणि मलम हाच उपाय.

आता तिसरं वर्ष चालू आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, आता सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांनंतरही वर्षातून एकदा कायम, कारण या कॅन्सरचं पुन्हा उगवणं बऱ्याच वर्षांनीही होतं. मागच्या वेळी डाव्या बाजूला एक जाडसर पांढरा ठिपका मावशींनी स्वतःच आरशात बघून तारखेच्या आधी येऊन दाखवला. बायोप्सी केली, नुसतं लायकेन निघालं. मलम महिनाभर परत रोज सांगितलंय आणि तेवढ्यासाठी पुढची तारीख सहाऐवजी तीन महिन्यांनी दिलीय.